‘डोकं साफ आहे’

जानेवारी १९८७च्या शेवटच्या आठवड्यात माझी मोठी बहीण शकुंतला आणि मोतीराम भाऊजी कमूला घेऊन नागपूरहून परतले, ते पांढुर्ण्याला न जाता आधी आमच्या सौसरच्या घरी उतरले. हे थोडं वेगळं होतं. नागपूरहून पांढुर्ण्याला थेट गाडी असते; सौसरला यायचं म्हणजे वाट वाकडी करायची. पण तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. लोकांना जे कळून घ्यायचं असतं, ते घेऊन ते आता माझ्याकडे येऊ लागले होते. मी आदल्या वर्षी छिंदवाड्याहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि सौसरच्या एका शाळेत मुलींना विज्ञान शिकवत होते.

कमल म्हणजे कमू तेव्हा सतरा महिन्यांची होती. मान धरत नव्हती. दिवसातून दोन-तीनदा तिला झटके येत. नागपुरात डोक्याचा स्कॅन करणारं मशीन नवीन आलं होतं, त्यात तिला घातलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत भाऊजी एकटेच गेले. ताई झोपलेल्या कमूला मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

“डॉक्टर म्हणे, दिमाग बिलकुल साफ है,” भाऊजींनी चप्पल काढता काढता सांगितलं.

बाबांनी हात जोडले. ताईने माझ्याकडे पाहिलं. “साफ म्हंजे काय व, इंदू?”

“विचार तुह्या सायन्सवालीले,” भाऊजी हसले. “मी पडलो बाबू माणूस.”

मी सांगितलं. गाठ नाही, पाणी साचलेलं नाही, रक्त साकळलेलं नाही. मशीनला दोष सापडला नाही, म्हणजे साफ.

“मंग मान काऊन नाई धरत?”

“काही लेकरांना उशीर होतो, ताई.”

हे वाक्य माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण मी ते अशा आवाजात म्हटलं की ताईने पदराने डोळे पुसले आणि महिन्यात पहिल्यांदा भूक लागली म्हणून ताट मागितलं. भाऊजींच्या हातात पिवळं पाकीट होतं. मी ते मागितलं नाही. निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलींच्या प्रयोगवहीवर मी लाल शाईने शून्य देते. त्या दिवशी मला स्वतःला काय द्यायचं, हे सुचलंही नाही.

भाऊजींवर विश्वास ठेवायला मला कारण होतं. बारावीनंतर बाबा म्हणत होते, पोरगी घरी बरी. भाऊजी पांढुर्ण्याहून तीनदा आले, बाबांशी भांडले, आणि शेवटी स्वतः माझी ट्रंक उचलून मला छिंदवाड्याच्या होस्टेलवर सोडून आले. आमच्या वस्तीतली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. नगरपालिकेत ते जन्म-मृत्यूच्या नोंदी करत. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज तेच लिहून देत, मराठी माणसाला मराठीत, सरकारला हिंदीत. अशा माणसाला कागदावरचं कळलं नसेल, असं मला वाटायला नको होतं.

‘साफ’ हा शब्द पांढुर्ण्याच्या घरात गेला आणि त्याने आपलं काम सुरू केलं.

डोकं साफ आहे, मग दोष कुठे? भाऊजींच्या आईने, देवकाबाईंनी, पंधरा दिवसांत उत्तर काढलं. “डोकं साफ हाय, मंग पोट्टी बसत काऊन नाई? मायच्या हातात जीव नाई, म्हून पोट्टीच्या अंगात जीव नाई.” दिवसातून दोनदा तिळाच्या तेलाची मालिश सुरू झाली. कोणीतरी सांगितलं म्हणून अंगणात खड्डा खणून त्यात रेती भरली आणि रोज सकाळी कमूला त्या रेतीत कमरेपर्यंत पुरून उभं करायचं ठरलं. पायांत ताकद येते म्हणे. ताई समोर बसून दोन्ही हातांनी तिची मान धरायची. कमू रडायची. तिचं रडणं बारीक होतं, लांबून ऐकलं तर पाखरासारखं वाटायचं.

ताईने स्वतःही एक दोष शोधून काढला होता. कमू पोटात असताना सातव्या महिन्यात ती बसने सौसरला आली होती. रस्ता खराब होता, बस फार आदळली. “तवाच काहीतरी झालं असन,” ती म्हणायची. ती बस तिने माझ्यासाठी पकडली होती. माझा दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला होता.

नोव्हेंबरात शाळेला चार दिवस सुट्टी मिळाली म्हणून मी पांढुर्ण्याला गेले. ताईला तिसरा महिना लागला होता. देवकाबाई एकदम नरम झाल्या होत्या. ताईला लाकडं उचलू देत नव्हत्या. “आता हे पोरगं चांगलं होऊन जाऊ दे, मंग कमूचंबी पाहू,” त्या म्हणाल्या, जणू कमू रांगेतली दुसरी असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले. न्हाणीच्या खिडकीची काच पोळ्याच्या सुमारास फुटली होती. पांढुर्ण्यात पोळ्याला नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची गोटमार असते; त्या दिवसांत काच फुटली तर दगड कुठून आला असं कोणी विचारत नाही. त्या जागी काळी जाड फिल्म खिळ्यांनी ठोकली होती आणि तिच्यातून सकाळचं ऊन आत येत होतं.

फिल्मवर तीन ओळींत बारा चित्रं होती. कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत कमूचं नाव, वय आणि जानेवारीतली तारीख.

मी बादली खाली ठेवली.

असं चित्र मी याआधी एका मासिकात पाहिलं होतं, एवढंच. पण मेंदू पाहिले होते. बेडकाचा, उंदराचा, कॉलेजच्या बरणीतला माणसाचा. उंदराचा मेंदू भिजवून सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत असतो. माणसाचा तसा नसतो. मावत नाही म्हणून दुमडलेला असतो, वळीवर वळी. बकऱ्याचा भेजा तर आमच्याकडे प्रत्येकाने पाहिलेला असतो, त्यालाही वळ्या असतात. आईच्या पोटात पहिले चार-पाच महिने आपलाही मेंदू सपाटच असतो. आतल्या पेशी त्या काळात बाहेरच्या बाजूला सरकतात, थर लावून बसतात, आणि मग पृष्ठभाग दुमडायला लागतो. हे मी परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलं होतं.

फिल्मवरच्या बाराही चित्रांत कडेला एकही वळी नव्हती. दोन्ही बाजूंनी मध्ये जराशी चिमटी, दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी, आणि बाकी कड सरळ, पेन्सिलीने एका झटक्यात काढावी तशी. मी खिडकीच्या जवळ गेले, मग लांब झाले. पुन्हा जवळ गेले. मला खात्री नव्हती. एवढं मात्र कळत होतं की हे चौथ्या महिन्यात थांबलेलं काहीतरी आहे. सातव्या महिन्यातली बस त्याला आदळणं शक्यच नव्हतं.

“काय व इंदू, न्हाणीतच राहाची हायस काय?” देवकाबाई बाहेरून ओरडल्या. “पानी काय नागपूरवरून येऊन राहिलं?”

मी अंघोळ न करताच बाहेर आले. “मावशी, ते खिडकीचं काळं कोणी लावलं?”

“मीच. पेटीत पडलं होतं. चांगलं जाड हाय, पान्यानं भिजत नाई. मोतीरामनं पाह्यलं त पयले गरम झाला, मंग म्हणे राहू दे, कोणाले काय समजते त्यातलं.”

त्या वाक्यावरही मी थांबले नाही. नगरपालिकेकडे चालताना मी भाऊजींसाठी एक स्पष्टीकरण तयार करत होते, आणि ते मला चांगलं जमलं. आम्ही मध्य प्रदेशातली मराठी बोलणारी माणसं, पण चिठ्ठीवर ‘म.प्र.’ दिसलं की नागपूरचे लोक आमच्याशी हिंदी सुरू करतात. डॉक्टर हिंदीत म्हणाले असतील, दिमाग की सतह साफ है. म्हणजे पृष्ठभाग सपाट आहे, वळ्या नाहीत. भाऊजींनी आपल्या अर्थाने ऐकलं, साफ म्हणजे काही दोष नाही. दोन भाषांच्या मध्ये पडून एक शब्द मेला. कोणाचीच चूक नाही.

कचेरीत भाऊजींच्या टेबलासमोर दोघं-तिघं उभे होते. त्यांनी मला खुर्ची दिली, शिपाई तुळशीरामला चहा सांगितला, आणि समोरच्या माणसाला म्हणाले, “नाव ठरवून ये गा बाप्पा. ‘बाळ’ म्हून किती दिवस लिहू?” सगळे हसले. माणसं गेल्यावर मी माझं स्पष्टीकरण मांडलं. फिल्मविषयी सांगितलं. शब्दाविषयी सांगितलं.

भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे सैल झाले.

“हो,” ते म्हणाले. “असंच झालं असन. तो हिंदीत बोलत होता. मले काय समजते त्यातलं.”

“रिपोर्ट आहे ना? एकदा पाहते.”

आता मागे फिरायला त्यांना जागा नव्हती, किंवा मी दाखवलेल्या वाटेवर त्यांचा भरवसा बसला असावा. सर्वांत खालच्या खणातून, जुन्या रजिस्टरांच्या खालून, त्यांनी पिवळं पाकीट काढलं.

रिपोर्ट इंग्रजीत होता, सात ओळींचा. दोन्ही बाजूंना मेंदूचा पृष्ठभाग गुळगुळीत; वळ्या आणि खाचा नाहीत; जन्मजात विकृती. मी दोनदा वाचला. रडू येत होतं, पण त्यात थोडी सुटकाही होती. गुळगुळीत. साफ. माझा अंदाज बरोबर निघाला होता.

मग मी कागद उलटा केला. मागे निळ्या शाईत डॉक्टरांच्या हाताने हिंदीत लिहिलेलं होतं.

‘माता-पिता दोनों के रक्त की जाँच आवश्यक। अगली गर्भावस्था से पहले अवश्य मिलें। परिवार में ऐसे अन्य बच्चे : बुआ के दो।’

बुआ म्हणजे आत्या. कमूला एकच आत्या आहे, लोधीखेड्याची गुलाबबाई. तिची दोन मुलं वर्ष-दीड वर्षाची होऊन गेली होती. निमोनियाने गेली असं आम्हाला सांगितलं होतं. डॉक्टरांना गुलाबबाई माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

“हे त्यांना कोणी सांगितलं?” मी विचारलं.

भाऊजींनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

“त्यानं विचारलं, नात्यात कोणाले असं हाय काय. मी सांगतलं.”

“म्हणजे तुम्हाला समजलं होतं. सगळं.”

“हळू बोल.”

“साफ म्हटलंच नव्हतं त्यांनी?”

“नाई.” “तो बिचारा अर्धा घंटा समजावून सांगत होता. कागदावर चित्र काढून. ‘साफ’ माहा शब्द हाय.”

मी एवढ्या मेहनतीने त्यांच्यासाठी एक निर्दोष चूक शोधून आणली होती. ती त्यांनी घटकाभर अंगावर घातली आणि आता काढून टेबलावर ठेवली.

“गुलाबचे दोन लेकरं गेले तवा तिच्या सासरच्यानं तिले काय नाई म्हटलं,” ते बोलू लागले. “पांढऱ्या पायाची. दोनदा घरी आणून सोडली. आता समजलं असतं की हे आमच्याच रक्तात हाय, त तिले कायमची आणून टाकतील. अन् शकू? शकू राहिली असती काय माह्याजवळ?”

“ते तिने ठरवलं असतं.”

“तुले सोपं हाय बोलाले.”

“घरात दहा महिने तिला सगळे बोलतात, भाऊजी. रेतीत उभी करते ती कमूला. तुम्ही रोज पाहता.”

“मी कधी तिले एक शब्द बोललो काय? विचार तिले. एक शब्द.”

हे खरं होतं. त्यांनी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

“आणि आता तिसरा महिना आहे,” मी म्हणाले. “इथे लिहिलंय, दिवस जाण्याआधी भेटा.”

“प्रत्येक वेळी होतेच असं नाई. डॉक्टरच म्हणे. चांगलंबी होऊ शकते. पाच-सहा महिने, इंदू. फक्त तेवढं थांब. पोरगं चांगलं झालं की सांगू तिले सगळं. हसत हसत सांगू.”

“आणि नाही झालं चांगलं तर?”

तुळशीरामने चहा आणून ठेवला. तो जाईपर्यंत आम्ही दोघं रजिस्टराकडे पाहत बसलो.

“तुले कॉलेजात कोणी टाकलं?” भाऊजींनी अगदी हळू विचारलं. “तुह्या बापानं?”

“तुम्ही.”

“मंग एवढं नाई करशील?”

मला जी गोष्ट विचारायची नव्हती ती तेव्हा तोंडातून निघाली. “नागपूरहून तुम्ही आधी सौसरला का आलात?”

ते माझ्या नजरेला नजर देत म्हणाले, आणि यात खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, “माह्या तोंडचं तिनं अर्धं मानलं असतं. तू म्हटलं त पुरं मानते ती.”

दारात दोन बाया तान्हं मूल घेऊन आल्या. भाऊजींनी सवयीने रजिस्टर ओढलं, तारीख विचारली. मी कागद पर्समध्ये टाकला आणि उठले. त्यांनी पाहिलं, पण त्या बायांसमोर त्यांना हात पुढे करता आला नाही.

ताई अंगणात कमूला मालिश करत होती. देवकाबाई दळणाला गेल्या होत्या. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. आधी मेंदूविषयी, मग रक्ताविषयी, मग गुलाबबाईविषयी, मग कचेरीतलं सगळं. मधे तिने एकदाही हात थांबवला नाही. तेल संपलं तरी ती कोरड्या हाताने कमूचे पाय चोळत राहिली.

“म्हंजे बसनं नाई झालं,” ती म्हणाली.

“नाही, ताई. बस आदळण्याच्या खूप आधी ते झालेलं होतं. तुझ्या हाताने काहीच झालं नाही.”

“अन् रेतीनं?”

“रेतीने काही होणार नव्हतं.”

“मी रोज तिले उभी करत होती, इंदू. ती रडे. मी म्हणो, डोकं साफ हाय तुह्यं, आळशी पोट्टी.” तिने कमूला दुपट्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं. “तू तवा कागद पाह्यला होता?”

“नाही.”

“मंग?”

मी तेलाची रिकामी वाटी उचलून बाजूला ठेवली.

“त्याईनं खोटं सांगतलं ते समजते मले,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्याईले भेव होतं. तुले कायचं भेव होतं?”

माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली, हे खरं उत्तर होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबांनी हात जोडले होते. पण ताईला हे ऐकवण्यासारखं वाटलं नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. तिने हात पुढे केला. मी कागद दिला. ताई सातवी शिकलेली आहे, हिंदी शाळेत. तिने मागच्या ओळींवर बोट ठेवून वाचलं. ‘बुआ’पाशी बोट थांबलं.

“गुलाबबाईले सांगतलं त्याईनं?”

“नाही.”

“तेबी माह्यासारखी सोताले दोष देत बसली म्हणा.” तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. “आता काय करता येते?”

मला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. दोघांचं रक्त तपासतात. त्यावरून हा दोष बापाकडून येतो का, पुन्हा येऊ शकतो का, ते कळतं. मूल ठेवायचं की नाही हे पाचव्या महिन्यापर्यंत कायद्याने ठरवता येतं. त्यानंतर नाही.

संध्याकाळी भाऊजी आले. ताईने नेहमीसारखं ताट वाढलं. ते दोन घास जेवल्यावर म्हणाली, “उद्या मी नागपूरले जाऊन राहिली. डॉक्टरले विचाराले.”

भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. “मी येतो.”

“नाई.”

“मी येते, ताई,” मी म्हणाले.

“तू नाई. तू कमूजवळ राह्य. झटका आला त कुशीवर कर अन् तोंड पुस. तेवढं येते तुले.”

ती शेजारच्या मनकर्णाबाईंना घेऊन गेली. मनकर्णाबाई संत्र्यांच्या वखारीत फळं निवडायला जातात. पन्नाशीच्या, उंच, आणि आवाज असा की स्टेशनवर कुलीही वळून पाहतात. सकाळच्या पॅसेंजरने दोघी निघाल्या.

त्या दिवशी कमूला दोन झटके आले. मी तिला कुशीवर केलं, तोंड पुसलं. झटका ओसरला की ती थोडा वेळ अगदी शांत पडायची आणि मग कुठल्याशा आवाजाकडे डोळे वळवायची. भांडं वाजलं की वळवायची. हे मी एका कागदावर वेळेसह लिहून ठेवलं, डॉक्टरांच्या उपयोगाचं असेल म्हणून. कोणी मागितलं नव्हतं.

दुपारी देवकाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आदल्या रात्री ताईने त्यांना कागदावरचं सगळं सांगितलं होतं.

“पोरी, खरं सांग. आमच्या घरातलं हाय?”

“माहीत नाही, मावशी. रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“गुलाबच्या लेकरायचीबी मान अशीच होती.” त्या कमूकडे पाहत होत्या. “मी तिलेच म्हटलं, तुले लेकरू धरता नाई येत. माह्या पोटच्या पोरीले म्हटलं व मी.” मग त्या उठल्या, अंगणात गेल्या, आणि हाताने खड्ड्यातली रेती टोपलीत भरू लागल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, “सरक.”

दिवेलागणीला दोघी परतल्या. मनकर्णाबाई दारातूनच सुरू झाल्या. “बाप्पा, तो डॉक्टर मले म्हणे, ‘माताजी, बैठिए.’ म्या म्हटलं, मराठीत सांगा, हिंदी नोको. त मराठीच निघाला तो! अमरावतीकडचा! म्हणे, तुमची चिठ्ठी म.प्र.ची होती म्हून हिंदीत लिहिलं.”

ताईने पाय धुतले, कमूला घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि उभ्यानेच भाऊजींना म्हणाली, “माहं रक्त देऊन आली. सोमवारी तुमी जा. मुंबईले जाते ते. सहा आठवड्यांत कागद येते. तवरी चौथा संपते, टाइम उरते, असं डॉक्टर म्हणे.”

“जातो,” भाऊजी म्हणाले. “मंग कागद आला की आपण ठरवू.”

“आपण नाई. मी.”

“शकू—”

“अन् गुलाबबाईले तुमी सांगा. या हप्त्यात. नाई त मी लोधीखेड्याले जाईन.”

देवकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मुलाच्या बाजूने काही म्हटलं नाही, सुनेच्याही नाही.

भाऊजींनी घसा साफ केला. “कागद माह्या हापिसच्या पत्त्यावर येऊ दे. पोस्टमन ओळखीचा हाय, गहाळ नाई होणार.”

“पत्ता देल्ला मी,” ताई म्हणाली.

मला वाटलं, सौसरचा दिला असेल. मी विचारलंही. “शाळेचा पत्ता दिलास का, ताई? आला की मी लगेच घेऊन येईन.”

“नाई.”

“माह्या नावानं येऊन राहिलं!” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. “जिंदगीत पयल्यांदा माह्या नावाचं पत्र. पोस्टमनले म्हणीन, दे गा बावा, माहं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी सौसरला निघाले. ताईने फडक्यात भाकर-चटणी बांधून दिली, बाबांसाठी चार संत्री दिली, आणि बस सुटेपर्यंत थांबली नाही. पत्र आल्यावर कळवशील का, असं मला विचारायचं होतं. ती वळून गल्लीपर्यंत पोचली तरी माझ्या तोंडून निघालं नाही.

मनकर्णाबाईंना एक अक्षरही वाचता येत नाही. त्या गल्लीत ताईच्या ओळखीची तेवढी एकच बाई होती, जिच्या हातून ते पाकीट बंदच ताईकडे आलं असतं.